राहवे ते हल हाऊस : एका रशियन डॉक्टरीणबाईंची गोष्ट

न्यू जर्सीत राहून न्यूयॉर्कला नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या आयुष्याचा बराच भाग नॉर्थईस्ट कॉरिडॉरच्या गाडीत जातो. मी मेट्रोपार्कला चढते आणि त्यानंतरचे पहिलेच स्टेशन राहवे. कल्याणहून बारा वर्षे व्हीटीपर्यंत उभ्याने गेलेल्या बाईला इथे चढल्याबरोबर बसायला मिळते हीच इतकी चैन वाटते, की खिडकीबाहेरच्या गावांकडे मी कित्येक वर्षे नीट पाहिलेही नव्हते. राहवे म्हणजे मर्क या औषधकंपनीचे गाव, एवढीच माझी माहिती होती. १८८० च्या दशकाच्या अखेरीस रशियातून आलेली राशेल नावाची एक अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी याच गावात कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसत होती, पुढे ती डॉक्टर झाली आणि तिने शिकागोच्या गरीब वस्त्यांतल्या बायकांची बाळंतपणे करण्यात आणि करायला शिकवण्यात आपली उमेदीची सगळी वर्षे घालवली, हे मला समजले ते थेट शिकागोला गेल्यावर.

गेल्या जूनमध्ये आम्ही नणंदेकडे नेपरव्हिलला गेलो होतो. शिकागो पाहण्याचे ठरलेले कार्यक्रम उरकल्यावर एक सकाळ मी स्वतःसाठी मागून घेतली आणि हॉल्स्टेड स्ट्रीटवरचे हल हाऊस पाहायला गेले. इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागोतल्या आवारात, चहूकडे काँक्रीटच्या राखी इमारती असताना मधेच लाल विटांचे आणि पांढऱ्या खांबांच्या ओसरीचे हे १८५६ सालचे घर उभे आहे. एखाद्या लग्नात सगळी मंडळी सूटबुटात असावीत आणि एकच आजोबा धोतर नेसून शांतपणे खुर्चीत बसलेले असावेत, तसे ते दिसते. १८८९ मध्ये जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोघी मैत्रिणी इथे राहायला आल्या. शिकल्यासवरल्या, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या लोकांनी गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत येऊन शेजारी म्हणून राहायचे आणि शेजाऱ्यांची गरज पाहून काम उभे करायचे, अशी त्यामागची कल्पना होती. इथे राहणारी माणसे खोलीचे आणि जेवणाचे पैसे स्वतःच्या खिशातून भरत. वीसेक वर्षांत या एका घराच्या तेरा इमारती झाल्या. १९६० च्या दशकात विद्यापीठाला जागा हवी झाली तेव्हा त्यांतल्या बहुतेक पाडल्या गेल्या; मूळ घर आणि जेवणघर तेवढे राहिले, आणि तिथेच आता संग्रहालय आहे.

बाहेर गाडीत बसलेल्या मंडळींना पार्किंगच्या मीटरची घाई होती, त्यामुळे मला जेमतेम पाऊण तास मिळाला. रात्री नणंदेच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, या घरात राहून गेलेल्या माणसांविषयी वाचत असताना डॉ. राशेल यारोस हे नाव समोर आले, आणि त्यांच्या शिक्षणाच्या ओळीत ‘वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ असे दिसले. कल्याणच्या मुलीला या कॉलेजची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. आमच्या गावच्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या याच कॉलेजातून ११ मार्च १८८६ रोजी एम. डी. झाल्या. राशेल यारोस तिथूनच १८९३ मध्ये डॉक्टर झाल्या. दोघींमध्ये सात वर्षांचे अंतर. आणि आनंदीबाई १८८३ च्या जूनमध्ये अमेरिकेत उतरल्या तेव्हा ज्या कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या, ते रोझेल गाव राहवेपासून फार तर पाच-सहा मैलांवर आहे. त्या रात्रीपासून मी राशेलबाईंविषयी मिळेल ते वाचते आहे.

राशेल स्लोबोदिन्स्की हे तिचे माहेरचे नाव. जन्म १८ मे १८६९ चा, कीव्हजवळच्या बर्दिचिवचा. ते गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होते आणि आज युक्रेनमध्ये आहे, म्हणून ‘रशियन डॉक्टर’ असे मी म्हणते ते त्या काळच्या कागदपत्रांच्या अर्थाने. घरची स्थिती चांगली होती, पण कुटुंब ज्यू होते, आणि ती बारा वर्षांची होण्याआधीच, १८८१ मध्ये, झार दुसरा अलेक्झांडर बॉम्बहल्ल्यात मारला गेला. त्यानंतर साम्राज्याच्या दक्षिण भागात, कीव्हमध्येसुद्धा, ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले. १८८२ मध्ये ज्यूंनी कुठे राहावे आणि काय करावे यावर नवी बंधने आली. १८८७ मध्ये माध्यमिक शाळांत आणि विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येला टक्केवारीचे कुंपण घातले गेले. मुलींची गत याहून अवघड होती. सेंट पीटर्सबर्गला १८७२ मध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू झाला होता आणि त्यातून कितीतरी रशियन स्त्रिया डॉक्टर झाल्या होत्या, पण १८८२ मध्ये तिथले नवे प्रवेश बंद करण्यात आले. ज्या वयात राशेलने डॉक्टर होण्याचे स्वप्न पाहायचे, त्या वयात तिच्या देशातला तो दरवाजा लावलेला होता.

अशा काळात हुशार मुले गप्प बसत नाहीत. राशेल कोवळ्या वयातच एका गुप्त राजकीय गटात सामील झाली. असल्या गटांतल्या मुलामुलींना पोलिसांनी पकडले की त्यांच्यापुढे तुरुंग किंवा सायबेरिया असे, आणि आईवडिलांना हे ठाऊक होते. त्यांनी तिच्या हातात पैसे दिले आणि तिला अमेरिकेला पाठवून दिले. या एका वाक्याआड एका घरात किती रात्री जागून निघाल्या असतील, याची कल्पना आपल्याकडच्या आईबापांना करून द्यायला नको. फरक एवढाच की आपण विमानतळावर मुलांना निरोप देतो तेव्हा पुढच्या दिवाळीचे तिकीट मनात काढलेले असते.

अमेरिकेत आल्यावर सुखवस्तू घरातली ही मुलगी राहवेच्या कारखान्यात यंत्रावर बसली. त्या काळच्या शिवणकारखान्यांत मजुरी नगावर मिळत असे. कोंदट खोली, दिवसाचे बारा-बारा तास, मंदीच्या दिवसांत काम नाही आणि काम असेल तेव्हा मान वर करायला फुरसत नाही. या कामाला तिथे ‘घाम गाळण्याचे दुकान’ अशा अर्थाचा शब्द रूढ झाला तो उगाच नाही. राशेलची ही वर्षे तिच्या चरित्रात एका ओळीत आटोपलेली असतात. मला मात्र वाटते, की पुढे शिकागोत ज्या बायकांच्या खाटेशी ती उभी राहिली त्यांतल्या पुष्कळजणी असल्याच यंत्रांवरून उठून कळा द्यायला घरी गेलेल्या होत्या, आणि त्यांची पाठ कुठे दुखते हे तिला विचारावे लागत नसणार.

रशियन स्थलांतरितांच्या वर्तुळात तिची व्हिक्टर यारोसशी ओळख झाली. तोही कीव्हच्या बाजूचाच, पत्रकार, आणि विचाराने अराज्यवादी, म्हणजे सरकार ही गोष्टच नको असे मानणारा. त्यांच्या मित्रमंडळीत तिने वैद्यकीय शिक्षण घ्यावे असा आग्रह सुरू झाला, आणि १८९० मध्ये बॉस्टनच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्समध्ये तिला प्रवेश मिळाला. त्या कॉलेजात घेतलेली ती पहिली स्त्री. इथे आजच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. आज मॉस्कोहून किंवा मिरजेहून तयार डॉक्टर अमेरिकेत आला, तरी त्याची पदवी आधी तपासून घेतली जाते, मग डॉक्टरकीच्या परवान्यासाठीच्या, यूएसएमएलई नावाच्या परीक्षा असतात, मग सहसा काही वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातली उमेदवारी. मायदेशी वीस वर्षे शस्त्रक्रिया केलेला माणूस इथे पंचविशीच्या पोरांबरोबर रात्रपाळी करतो. माझ्या स्वतःच्या बाळंतपणाला ज्या डॉक्टरीणबाई होत्या, त्या मिन्स्कहून आलेल्या होत्या आणि त्यांनी ही वाट चाळिशीत चालून पुरी केली होती. १८९० मध्ये मात्र कोणी कुठून आला यापेक्षा फी भरतो का, हे पाहणारी कितीतरी खासगी वैद्यकीय महाविद्यालये अमेरिकेत होती. वैद्यकीय महाविद्यालयांची पाहणी करणाऱ्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर त्यांतली बरीच बंद पडली, शिक्षणाचा दर्जा सुधारला, आणि त्याच झाडझुडीत गरीब, स्थलांतरित व स्त्री विद्यार्थ्यांच्या वाटाही अरुंद झाल्या. राशेल त्या अहवालाच्या वीस वर्षे आधी आली, हे तिचे भाग्य.

बॉस्टनच्या कॉलेजात ती फार काळ राहिली नाही. खास स्त्रियांना वैद्यक शिकवण्यासाठी काढलेले कॉलेज फिलाडेल्फियात १८५० पासून होते. तिथे जाऊन ती १८९३ मध्ये एम. डी. झाली. इथवर मी एकेरीत लिहिले, पण पदवी हाती घेतलेल्या बाईंना यापुढे अहो-जाहो करणे भाग आहे.

आनंदीबाईंनी पदवीसाठी प्रबंध लिहिला तो हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्रावर. राशेलबाईंनीही पुढे प्रसूतिशास्त्रच निवडले. आनंदीबाई पदवी घेऊन परतल्या त्या क्षयाने खंगून, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी व्हायच्या आत, पुण्यात वारल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांची वाट पाहत होते. ते तसेच राहिले. लहानपणापासून आम्ही ही गोष्ट ऐकली आणि दर वेळी ती पदवीच्या प्रसंगाशी येऊन थांबली. त्या पदवीचा पुढे उपयोग काय झाला असता, आनंदीबाई चाळीस वर्षे जगल्या-वावरल्या असत्या तर त्यांचे रोजचे काम कसे दिसले असते, हा प्रश्न आम्हांला कधी पडला नाही, कारण पडून उपयोग नव्हता. राशेलबाईंचे आयुष्य वाचताना तो मला पहिल्यांदा पडला.

पदवी मिळाली तरी पुरुषांच्या रुग्णालयांत स्त्री डॉक्टरांना उमेदवारी सहसा मिळत नसे. त्यामुळे बायकांनी स्वतःची रुग्णालये काढली होती, आणि राशेलबाईंचे पुढचे शिक्षण त्याच साखळीतून झाले. बॉस्टनचे न्यू इंग्लंड हॉस्पिटल मेरी झाकशेव्हस्का या बर्लिनहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी १८६२ मध्ये काढलेले. तिथे त्यांनी उमेदवारी केली. मग न्यूयॉर्कमध्ये एलिझाबेथ ब्लॅकवेल यांनी काढलेल्या इन्फर्मरीत, म्हणजे बायका-मुलांच्या रुग्णालयात, आणि शिकागोत मायकेल रीझ रुग्णालयात अनुभव घेतला. १८९४ मध्ये व्हिक्टरशी लग्न झाले आणि १८९५ मध्ये शिकागोत त्यांनी आपला दवाखाना थाटला.

त्या काळी बाळंतपणे घरीच होत, आणि गरिबांची तर हमखास घरीच. थोड्याच वर्षांत राशेलबाई शिकागोच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रसूतिशास्त्र शिकवू लागल्या. हे महाविद्यालय पुढे इलिनॉय विद्यापीठात विलीन झाले; ज्या विद्यापीठाने नंतर हल हाऊसच्या इमारती पाडल्या तेच हे. शहराच्या पश्चिम भागातल्या वस्त्यांमध्ये विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष बाळंतपणाला नेऊन शिकवणे हा त्यांच्या अध्यापनाचा गाभा होता. ती खोली कशी असेल, हे त्या काळच्या वर्णनांवरून डोळ्यांपुढे आणता येते. लाकडी चाळीचा मागचा जिना, वर दोन खोल्या, त्यांतल्या एकीत भाडे देऊन राहणारा एखादा परका गडी. पाणी खालच्या नळावरून बादलीने आणायचे. थोरली मुले शेजारणीकडे पाठवलेली. स्टोव्हवर आधण ठेवलेले आणि खाटेवर स्वच्छ वर्तमानपत्रे अंथरलेली, कारण त्या घरात सर्वांत निर्जंतुक म्हणता येईल अशी तीच एक वस्तू. रॉकेलचा दिवा कोणीतरी हातात धरून उभे राहायचे. डॉक्टरांनी कार्बोलिकच्या पाण्यात कोपरापर्यंत हात धुवायचे आणि विद्यार्थ्यांकडून ते पुन्हा पुन्हा धुऊन घ्यायचे, कारण सूतिकाज्वर हा डॉक्टरांच्याच हातांवरून घरोघर जातो हे तोवर सिद्ध झाले होते. मूल जन्मले की त्याच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचा थेंब टाकायचा.

या थेंबापाशी मला थोडे थांबायचे आहे. परमा, म्हणजे गनोरिया, झालेल्या आईच्या पोटी येणाऱ्या बाळाच्या डोळ्यांना जन्मतानाच लागण होते आणि ते आंधळे होऊ शकते. जर्मनीत क्रेडे नावाच्या डॉक्टरांनी १८८० च्या सुमारास शोधून काढलेल्या त्या एका थेंबाने असंख्य मुलांची दृष्टी वाचली. पण आईला हा रोग आला कुठून? बहुतेक वेळा नवऱ्याकडून, आणि तिला त्या रोगाचे नावही ठाऊक नसे. सभ्य समाजात ते उच्चारायचे नाही, डॉक्टरने नवऱ्याचे गुपित बायकोला सांगायचे नाही, असा शिरस्ता होता. प्रसूतितज्ज्ञ बाईला मात्र त्याचा परिणाम रोज हातात घ्यावा लागे. १९१४ मध्ये गुप्तरोगांविरुद्ध काम करणारी अमेरिकन सोशल हायजीन असोसिएशन स्थापन झाली तेव्हा तिच्या संस्थापक सदस्यांत राशेलबाई होत्या, आणि इलिनॉयमधल्या तशाच संघटनेचेही त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. कारखान्यातल्या मुलींपुढे, महिला मंडळांपुढे, आयांपुढे उभे राहून शरीराविषयी सरळ शब्दांत बोलणे हा त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग झाला. शरीरविज्ञानावर भाषण देणारे पुष्कळ असतात. यांच्या बोलण्यामागे मात्र आदल्या रात्रीची खाट होती.

१९०७ मध्ये यारोस पतिपत्नी हल हाऊसमध्ये राहायला आले आणि पुढची वीस वर्षे तिथेच राहिले. संध्याकाळी सगळे रहिवासी एका मोठ्या जेवणघरात एकत्र जेवत. मी पाहिले ते हेच जेवणघर, आणि तेव्हा मला राशेलबाई कोण हे माहीतही नव्हते याची आता चुटपुट लागते. त्या टेबलांशी शिसे आणि इतर विषारी धातूंमुळे कामगारांना होणाऱ्या आजारांचा शोध घेणाऱ्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन असत, जेन ॲडम्स तर असतच. बाहेर हॉल्स्टेड स्ट्रीटवर इटालियन, ग्रीक, बोहेमियन आणि रशियन ज्यू माणसांची दाटी. दारावर रात्री टकटक झाली तर ती बहुधा कोणाच्या तरी बाळंतपणाची असणार.

या घराला आणि या दांपत्याला शहराचा संशय सोसावा लागला नसता तरच नवल. १९०८ च्या मार्चमध्ये लॅझरस ॲव्हरबुक नावाच्या, रशियातून नुकत्याच आलेल्या ज्यू तरुणाला शिकागोच्या पोलीसप्रमुखाने स्वतःच्या घरात गोळ्या घालून ठार केले. तो अराज्यवादी होता आणि हल्ला करायला आला होता, असे सांगण्यात आले. त्यानंतर रशियन नाव असलेला प्रत्येक माणूस संशयित ठरू लागला, आणि त्या माणसांची बाजू घेतली म्हणून जेन ॲडम्सवर वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली. व्हिक्टर यारोस तर अराज्यवादी लेखक म्हणूनच ओळखले गेलेले होते. पुढे ते वकिलीत शिरले आणि क्लॅरन्स डॅरो या नामांकित वकिलांबरोबर त्यांनी अनेक वर्षे काम केले. परक्या देशात वीस वर्षे काढून, तिथली पदवी आणि प्राध्यापकी मिळवूनही, दूरच्या एका मुलाच्या कृत्याचा जाब आपल्या आडनावाला द्यावा लागतो, हे इथे राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे.

राशेलबाईंचे नाव इतिहासात राहिले ते मुख्यतः संततिनियमनाच्या कामासाठी, आणि त्या तिथे पोहोचल्या त्या वाटेचे मला विशेष वाटते. अमेरिकेतल्या या चळवळीच्या पुढारी मार्गारेट सँगर यांनी १९१६ मध्ये ब्रुकलिनमध्ये काढलेले संततिनियमन केंद्र पोलिसांनी दहा दिवसांच्या आत बंद केले होते, कारण १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने गर्भनिरोधाची माहिती आणि साधने टपालाने पाठवणे अश्लीलतेत बसवले होते आणि राज्याराज्यांतही तसेच कायदे होते. राशेलबाईंनी १९१५ पासूनच शिकागोच्या महिला मंडळातल्या प्रतिष्ठित बायकांना या प्रश्नावर समिती नेमायला भाग पाडले. सहावे, सातवे बाळंतपण करून घरी परतणाऱ्या डॉक्टरला ‘आता पुरे, पुढच्या वेळी तुम्ही वाचणार नाही’ असे सांगता येत होते, पण ‘मग काय करू?’ या प्रश्नाचे उत्तर द्यायची सोय नव्हती. ज्या बायकांना ते उत्तर मिळत नसे त्यांतल्या काही चोरून गर्भपात करून घेत आणि जंतुसंसर्ग होऊन रुग्णालयात येत. श्रीमंत बायकांना त्यांचे खासगी डॉक्टर हळूच सगळे सांगत. अडाणी राहण्याची सक्ती फक्त गरीब बाईवर होती.

१९२३ मध्ये शिकागोत केंद्र काढण्यासाठी या मंडळींनी महापालिकेकडे परवाना मागितला. आरोग्याधिकाऱ्यांनी तो नाकारला. प्रकरण न्यायालयात गेले, न्यायाधीशांनी अर्जदारांच्या बाजूने निकाल दिला, आणि शहराने त्यावर अपील केले. अपिलाची वाट पाहत बसले असते तर आणखी किती वर्षे गेली असती कोण जाणे. मग या बायकांनी कायद्यातलीच एक फट शोधली. धर्मादाय दवाखान्याला परवाना लागतो. डॉक्टरने स्वतःच्या खोलीत, अल्पशी फी घेऊन रोगी तपासले तर लागत नाही. म्हणून ‘मेडिकल सेंटर’ अशी साधी पाटी लावून, नाममात्र फी घेऊन काम सुरू झाले आणि त्याच्या वैद्यकीय प्रमुख म्हणून डॉ. राशेल यारोस बसल्या. न्यूयॉर्कमधल्या सँगरबाईंच्या नव्या केंद्रानंतर अमेरिकेतले हे दुसरे केंद्र मानले जाते. पुढे शहरात अशी आणखी केंद्रे निघाली. विवाहित स्त्रीची तपासणी करायची, तिच्या मापाचा डायफ्राम, म्हणजे गर्भ राहू नये म्हणून आत बसवायची रबरी टोपी, निवडायचा, तो स्वतः बसवायला तिला शिकवायचे आणि काही दिवसांनी पुन्हा बोलवायचे, असे ते काम असे. क्रांतीची म्हणून जी काही चित्रे असतात, त्यांत हे बसत नाही.

इथे मराठी वाचकाला र. धों. कर्वे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. मुंबईत त्यांनी संततिनियमन केंद्र सुरू केले ते १९२१ मध्ये, म्हणजे शिकागोच्या केंद्राच्याही आधी. हे वाचून नणंदेच्या मुलाने ‘खरंच?’ असे इतक्या अविश्वासाने विचारले, की मला त्याचा राग यावा की आपल्या सांगण्याची लाज वाटावी, हे कळेना. रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक होते. विल्सन कॉलेजमधली नोकरी १९२५ मध्ये त्यांना सोडावी लागली, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर खटले झाले, दंड झाले, तरी ते मासिक त्यांनी १९२७ पासून मरेपर्यंत, १९५३ पर्यंत चालवले. राशेलबाईंच्या पाठीशी डॉक्टरची पाटी होती. तिच्यामुळे परवान्याचा अडसर ओलांडता आला आणि ‘अश्लील’ या शब्दाला ‘वैद्यकीय’ या शब्दाने उत्तर देता आले. आपल्याकडे ते एकट्या गणितज्ञाला करावे लागले. कर्व्यांच्या शेजारी त्या काळात एखादी प्रसूतितज्ज्ञ बाई खंबीरपणे उभी राहिली असती तर, असे मनात येते, आणि मग पुन्हा आनंदीबाई आठवतात.

त्या पिढीच्या संततिनियमन चळवळीला एक काळी किनार होती, तीही सांगितली पाहिजे. ‘चांगल्या’ लोकांना अधिक मुले व्हावीत आणि ‘निकृष्ट’ लोकांना कमी, असा सुप्रजननाचा विचार अमेरिकेत त्या वेळी फोफावलेला होता, आणि चळवळीतल्या अनेक मोठ्या नावांनी तो जवळ केला. राशेलबाई त्याच वर्तुळात वावरल्या, हे विसरून त्यांची आरती ओवाळणे मला बरे वाटत नाही. तरी एवढे खरे, की ज्यांच्याविषयी ‘निकृष्ट’ हा शब्द वापरला जाई त्या स्थलांतरित वस्तीतच त्या स्वतः वीस वर्षे राहिल्या आणि कधीकाळी स्वतःही तशाच स्थलांतरित मजूर होत्या.

पुढचे थोडक्यात. १९३३ मध्ये स्त्रीच्या लैंगिक जीवनाविषयीचे त्यांचे पुस्तक निघाले. १९३० च्या दशकाच्या शेवटी प्रकृतीसाठी पतिपत्नी उबदार प्रदेशात राहायला गेली आणि १७ मार्च १९४६ रोजी कॅलिफोर्नियात सॅन दिएगो येथे राशेलबाई वारल्या. बर्दिचिवहून निघाल्याला तेव्हा अठ्ठावन्न-एकोणसाठ वर्षे झाली होती.

सकाळच्या गाडीत मी रोज आईला फोन करते. कल्याणला तेव्हा संध्याकाळ असते आणि तिचा चहा झालेला असतो. मागच्या आठवड्यात तिला ही सगळी हकीकत सांगितली. तिने मधे एकही शब्द न काढता ऐकून घेतली. मग विचारले, “एवढी बाळंतपणं केली बाईनं. तिला स्वतःला किती मुलं?”

“एक मुलगी, दत्तक घेतलेली.”

आई थोडा वेळ काही बोलली नाही. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“आपल्या आनंदीचंही बाळ दहा दिवसांतच गेलं होतं ना गं? तिथूनच तिनं डॉक्टर व्हायचं मनावर घेतलं.”

मी हो म्हटले. गाडी तोवर राहवे सोडून लिंडेनच्या दिशेने निघाली होती.